चालत्या गाडीला थाप

चाळीस फुटी बस उलटी घेऊन दोन भिंतींमधल्या रॅम्पवर चढवायची आणि दोन्ही अंगांना एक बाई ब्रश घेऊन चालेल एवढीच जागा सोडायची, हे काम डेपोतले निम्मे ड्रायव्हर खिडकीतून अर्धे बाहेर लोंबकळत, घाम पुसत करतात. धाकटी ते करायची पायात गमबूट घालून आणि तोंडात लवंग ठेवून. मान बाहेर नाही, घाई नाही, तोंडातून शब्द नाही. दोन आरसे आणि दोन कान, एवढ्यावर गाडी यायची आणि मागच्या भिंतीपासून दीड हातावर अशी थांबायची, जणू तिथेच जन्मली.

धाकटी हे तिचं रॅम्पवरचं नाव. वय एकोणचाळीस, मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, केसांत पांढरं डोकवायला लागलेलं. पण बस धुणाऱ्या चौघींत ती सगळ्यांत शेवटी कामाला लागली म्हणून धाकटी झाली. अकरा वर्षांत रॅम्पवरून एवढं पाणी वाहून गेलं, पण ते नाव काही धुतलं गेलं नाही.

मी कामगार संघटनेचं काम करते, आणि या चौघींत गेले ती गमबुटांच्या निमित्ताने. वरच्यांनी बायकांना पुरुषी मापाचे, नऊ नंबरचे बूट दिले होते आणि चौघी त्यात चिंध्या कोंबून चालत होत्या. माझं शाळेतलं शिक्षण सातवीपर्यंतचं. पुढचं सगळं नोटीसबोर्डांसमोर, कोर्टाच्या व्हरांड्यात आणि भांडणांत झालं. भांडले, आणि महिन्याभरात पाच नंबरचे बूट आले. तेव्हापासून अधूनमधून दुपारचा डबा मी त्यांच्यात खाते.

सकाळच्या फेऱ्या संपवून आलेल्या गाड्या अकरा ते तीन या वेळात धुऊन निघायला लागतात. बावीस गाड्या, चार बायका. मध्ये दीड वाजता पाण्याचा पंप तापतो म्हणून अर्धा तास बंद ठेवतात. पंपाला विश्रांती मिळते म्हणून बायकांना मिळते. बायका तापल्या म्हणून कोणी पंप बंद केल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

तर त्या अर्ध्या तासात, रॅम्पच्या मागे जुन्या टायरांवर फळी टाकून केलेल्या बाकावर या चौघी बसायच्या. पाइपवर असायची मावशी, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, बोलायला कंजूष. बसच्या आतून झाडू मारायची रेडिओ. तिचं बोलणं सकाळी चालू झालं की संध्याकाळी घरी जाऊनच बंद व्हायचं, आणि तेसुद्धा नवरा म्हणतो म्हणून खरं मानायचं. काचा आणि बाजू घासायची मास्तरीण. ती दहावी पास, त्यामुळे डेपोत लागणारी प्रत्येक नोटीस आधी ती वाचणार, त्यातल्या चुका काढणार आणि मग त्यात काय लिहिलंय ते सांगणार. आणि गाडी रॅम्पवर आणायची-न्यायची धाकटी.

हे शेवटचं काम कागदावर तिचं नव्हतं. कागदावर ते होतं वस्तादांचं, म्हणजे यार्डातल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरचं. त्यांचे गुडघे गेले होते. पहिल्या वर्षी त्यांनी तिला शेजारी उभं राहून शिकवलं, दुसऱ्या वर्षी खुर्चीवर बसून, आणि तिसऱ्या वर्षी ते खुर्चीवर बसून पेपर वाचायला लागले. याहून मोठं सर्टिफिकेट मी तरी पाहिलेलं नाही.

रॅम्पवर बोललेलं ऐकू येत नाही. पाणी पत्र्यावर आदळत असतं, इंजिन चालू असतं. म्हणून तिथली भाषा थापांची. तळहाताने नाहीतर ब्रशच्या दांड्याने बसच्या पत्र्यावर ठोकायचं. पूर्वी हिशेब असा होता की एक थाप म्हणजे ये आणि दोन थापा म्हणजे थांब. एके दिवशी मावशीने दोन थापा मारल्या, त्यातली एक पाण्याने खाल्ली. ड्रायव्हरला एकच ऐकू आली. तो आला. मावशीच्या डाव्या पायाची दोन बोटं त्या दिवशी गेली.

बरी होऊन आल्यावर मावशीने कोणालाही न विचारता कायदा बदलला. थापा मोजायच्या नाहीत. उभ्या गाडीला थाप म्हणजे निघ. चालत्या गाडीला थाप म्हणजे थांब, एक असो की दहा, कोणी मारली ते बघायचं नाही, का मारली ते विचारायचं नाही. आधी ब्रेक, मग तोंड. धाकटीला तिने हे असं शिकवलं की ते डोक्यात राहिलंच नाही, थेट पायात उतरलं.

ड्रायव्हर होण्याचं खूळ मात्र वस्तादांनी घातलं नाही आणि मीही नाही. ते रेडिओच्या तोंडून सांडलं. डबा खाता खाता ती सहज म्हणाली, अगं, दहा वर्षं तू गाडी मागे नेतेयस, तेवढीच पुढे नेली असतीस तर एव्हाना समुद्रात पडली असतीस. सगळ्या हसल्या. धाकटीही हसली, पण तिचा हात डब्यातच राहिला. चार दिवसांनी मास्तरणीने बोर्डावरची नोटीस वाचून दाखवली. डेपोतल्याच माणसांमधून ड्रायव्हर घेणार होते. अवजड गाडीचं लायसन्स हवं, वय चाळिशीच्या आत हवं आणि डेपोची स्वतःची चाचणी द्यायची, जास्तीत जास्त तीन वेळा. नोटिशीत ‘अवजड’ चुकीचं लिहिलंय हे सांगून झाल्यावर मास्तरीण म्हणाली, यात बायकांनी येऊ नये असं कुठेही लिहिलेलं नाही, मी दोनदा वाचलं.

पुढचं वर्षभर धाकटीने सुट्टीच्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलचा खटारा ट्रक हाणला. तिथला शिकवणारा तोंडाने इतका ओरडायचा की त्याला हाताची गरज पडत नसे. लायसन्स मिळालं. घरी तिचं दीड खोलीचं बिऱ्हाड, खिडकीशी नवऱ्याचं शिलाईमशीन. तो शाळेचे गणवेश उसवून-वाढवून देणारा शिंपी, मुलखाचा शांत माणूस. लायसन्स हातात घेऊन त्याने उलटंपालटं केलं आणि म्हणाला की त्याचंही सगळं काम पायावरच चालतं, पाय शहाणा असला की कापड सरळ जातं.

आणि पहिल्या चाचणीत त्या शहाण्या पायाने घात केला.

डेपोच्या फाटकातून बाहेर पडून शाळेवरून, पुलाखालून वळसा घालून, बाजाराच्या कडेने परत, असा साडेपाच किलोमीटरचा रस्ता. शेजारी चाचणीवाले साहेब पॅड घेऊन बसलेले. धाकटीने शाळेपर्यंत गाडी लोण्यासारखी नेली. मग मोकळ्या रस्त्यावर, समोर चिटपाखरू नसताना, कचकन ब्रेक. पुढे गेल्यावर परत. पुलाखाली तिसऱ्यांदा. साहेबांचा चष्मा नाकावरून ओठांवर आला. का थांबलात विचारलं तर तिला सांगता येईना. तिला खरंच माहीत नव्हतं. साहेबांनी लिहिलं: ‘विनाकारण ब्रेक. आत्मविश्वासाचा अभाव.’

तो कागद वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये होते. पुरुषाने ब्रेक मारला की सावधगिरी आणि बाईने मारला की आत्मविश्वासाचा अभाव, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते मी विचारलं, जरा मोठ्या आवाजात विचारलं, आणि टेबलावरचा पाण्याचा ग्लास माझ्या हाताने पडला. साहेब म्हणाले की ब्रेक त्यांनी स्वतःच्या नाकाने मोजलेत. वर त्यांनी भलेपणाने एक उपाय सुचवला. डेपोच्या हॉलमध्ये त्याच आठवड्यात एका प्रेरणा देणाऱ्या वक्त्याचं भाषण होतं. बाईंनी त्याला बसावं.

चौघी बसल्या, मी मागे उभी राहिले. गालाला माइक चिकटवलेला, चुरचुरीत शर्टातला माणूस दीड तास इकडून तिकडे चालत होता. त्याने सांगितलं, रोज सकाळी आरशासमोर उभं राहायचं आणि स्वतःला म्हणायचं, मी करू शकतो. रेडिओने शेजारणीला विचारलं की हा माणूस सकाळी कितीला उठतो, कारण तिच्या घरात आरशासमोर सकाळी तीन माणसांची रांग असते. धाकटीने मात्र प्रामाणिकपणे आठ दिवस आरशासमोर उभं राहून पाहिलं. मग सोडून दिलं. रॅम्पवर येऊन म्हणाली की आरसा मागचं बघायला असतो, त्याला पुढचं काय कळणार.

त्या भाषणाने एकच झालं. भाकड शब्दांना आमच्यात एक माप मिळालं. कोणी उगाच गोड बोललं की मास्तरीण म्हणायची, गालाचा माइक काढ आधी.

दुसरी चाचणी तीन महिन्यांनी झाली आणि तिच्यातही तेच. ब्रेक चार. आता एकच संधी उरली होती, ती पुढच्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला. त्यानंतर पंधरवड्यात धाकटी चाळिशी ओलांडणार होती. म्हणजे ही गेली की गेली. अर्ज नाही, अपील नाही, आयुष्यभर गाडी भिंतीपासून दीड हातापर्यंत मागे न्यायची आणि पुढे दुसऱ्याने न्यायची.

त्या दुपारी मीही होते. पंप बंद झाला. चौघी फळीवर बसल्या. धाकटीने डबा उघडलाच नाही. ती शांतपणे म्हणाली की तिसऱ्या वेळेला ती जाणार नाही. भीती असेल तर माणूस भीतीशी लढेल. पण तिला भीती वाटतच नव्हती. पाय आपोआप जातो, त्याच्याशी कसं लढायचं. प्रवासी भरलेली गाडी अशी थांबवली तर म्हाताऱ्याकोताऱ्यांची तोंडं फुटतील. त्यापेक्षा इथेच बरं.

मी तोंड उघडणार होते. मावशीने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी ते मिटलं. आयुष्यात फार कमी लोकांना हे जमलंय.

मग मास्तरीण म्हणाली की निकाल नको सांगूस, गोष्ट सांग. फाटकापासून सांग. काय दिसलं, काय ऐकू आलं, साहेब काय करत होते, सगळं.

धाकटीने सांगायला सुरुवात केली. कंटाळत, मग जरा रंगत. फाटकावरच्या वॉचमनने सलाम कसा ठोकला, शाळेपाशी गतिरोधकावर गाडी तिने कशी अलगद उतरवली, साहेबांनी काच खाली केली, परत वर केली. मास्तरीण मध्ये मध्ये अडवत होती. मग काय. मग साहेबांनी काय केलं.

“मग काही नाही. खिशातून पेन काढलं. काही लिहीत नव्हते, नुसतं पॅडच्या चिमट्यावर वाजवत होते.”

“कसं?”

धाकटीने डब्याचं झाकण उचललं आणि बोटाच्या पेराने त्याच्यावर वाजवून दाखवलं. टक. टक टक.

मावशीचा घास हातातच थांबला. तिने स्वतःच्या डाव्या बुटाकडे पाहिलं, मग धाकटीच्या उजव्या पायाकडे. धाकटीचा पाय बाकाखाली, मातीत, टाचेवर टेकून पुढे दाबला गेला होता. तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

“आता तू वाजव,” मावशी रेडिओला म्हणाली. रेडिओने वाजवलं. पाय परत दाबला गेला.

“चालत्या गाडीला थाप,” मावशी म्हणाली. “हे मी घातलंय तुझ्या पायात.”

रेडिओला असं काही हसू फुटलं की तिच्या तोंडातला घास माझ्या पदरावर आला. तीन महिने साहेबांना वाटत होतं बाईला आत्मविश्वास नाही, मला वाटत होतं साहेबांना बायका चालत नाहीत, भाषणवाल्याला वाटत होतं आरसा कमी पडतोय. आणि बाई इमानदारीत मावशीचा कायदा पाळत होती. धाकटी हसता हसता रडायला लागली आणि मग डबा उघडून जेवली.

माझी खोड जित्याची. मी लगेच पर्स उघडून कागद काढला. साहेबांनी चाचणीच्या वेळी पेन वाजवू नये असा अर्ज लिहू, खाली चौघींच्या सह्या घेऊ, नाही ऐकलं तर वर जाऊ. धाकटीने डोळे पुसले आणि माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

“ताई, साहेब नाही वाजवणार. पण उद्या कोणी प्रवासी माझ्या मागच्या दांड्यावर बोटं वाजवेल, कोणी अंगठीवाला काच वाजवेल. त्या सगळ्यांना अर्ज देणार का आपण?”

मी कागद घडी करून परत पर्समध्ये ठेवला. घरी जाताना मला माझा केबिनमधला पडलेला ग्लास आठवत होता. मी भांडले ते खोट्यासाठी नव्हतं, पण मी विचारलं नव्हतं. मास्तरणीने फक्त विचारलं.

मग रोज दुपारी पंपाचा अर्धा तास धाकटीचा झाला. सगळ्यांनी आपापले उपाय मांडले. रेडिओ म्हणाली कानात कापूस घाल. मास्तरीण म्हणाली, कापूस घालून बस चालवणारीला नापास नाही, अटक करतील. रेडिओचा दुसरा उपाय असा की थाप आली की पायाऐवजी जीभ चावायची. तो तिने स्वतःवरच करून पाहिला आणि दुपारभर बोलू शकली नाही, त्याबद्दल सगळ्यांनी धाकटीचे आभार मानले.

थापेचा कायदा मोडायचा नाही, यावर मावशी ठाम होती. दोन बोटं देऊन केलेला कायदा होता तो. आणि धाकटीलाही तो मोडायचा नव्हता. रॅम्पवर तिच्या मागे याच बायका उभ्या असतात. म्हणजे पायाला विसरायला लावायचं नव्हतं, ओळखायला लावायचं होतं. रॅम्पवरची थाप बाहेरून येते, पत्र्यातून येते, आणि सगळी गाडी जराशी बोलते. पेनाची टकटक आतली, कोरडी, एका जागची. डोळे मिटून बसलं तर फरक कळतो. प्रश्न एवढाच, की डोकं कळून घेईपर्यंत पाय थांबेल का.

तर उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून पण गाडी चालतेय असं धरून, धाकटी स्टिअरिंगवर बसायची. शेजारच्या सीटवर रेडिओ, हातात डब्याचं झाकण आणि चमचा. ती अखंड बोलत राहायची आणि बोलता बोलता झाकण वाजवायची. दीर आणि त्याची नवी मोटरसायकल, टक टक, शेजारणीची मांजर, टक, सुनेच्या बाळंतपणाला कोण जाणार, टक टक टक. बाहेर मावशी ब्रश घेऊन फिरायची आणि मनात येईल तेव्हा पत्र्यावर थाप मारायची. मास्तरीण धाकटीच्या पायाशी पायरीवर बसून पाय कधी जातो ते बघायची आणि मोठ्याने सांगायची: बरोबर. चूक. चूक. चूक.

पहिल्या दिवशी पाय दर टकटकीला गेला. चौथ्या दिवशी धाकटी चिडली आणि पायच उचलेना, मावशीच्या थापेलाही नाही. मावशी बाहेरून आत आली, काही न बोलता डाव्या पायाचा गमबूट काढला, मोजा काढला आणि पाय तिच्यासमोर सीटवर ठेवला. मग परत मोजा चढवून बाहेर गेली. त्यानंतर बाहेरची थाप धाकटीने एकदाही चुकवली नाही.

नवव्या की दहाव्या दिवशी मी गेले तर गाडीतून हसण्याचा आवाज. धाकटी रेडिओशी भांडत होती. दिराने मोटरसायकल घेतली तर बिघडलं कुठे, तुझ्या नवऱ्याला सायकलसुद्धा धड येत नाही. रेडिओ झाकण बडवत उत्तर देत होती. मास्तरीण खालून म्हणत होती: बरोबर, बरोबर, बरोबर. तेव्हा कळलं की पाय कसा सुटला. ती टकटक ऐकत बसली होती तोवर पाय जात होता. बोलण्यात गुंतली, समोरच्याला उत्तर द्यायला लागली, तशी टकटक नुसती टकटक झाली. आणि त्याच गप्पांत बाहेरून मावशीची थाप पडली, तर वाक्य अर्ध्यात तोडून ब्रेक.

अठ्ठावीस तारखेला सकाळी आम्ही कोणी तिला शुभेच्छा दिल्या नाहीत. रेडिओने तिला एक लवंग दिली आणि साहेबांशी बोलत राहा म्हणाली, विषय नसला तर माझा दीर आहे.

पुढचं मला धाकटीकडून कळलं आणि नंतर साहेबांकडूनही, आणि दोघांचं सांगणं जुळलं, हे डेपोत क्वचित घडतं. शाळा मागे पडली. साहेबांनी काच खाली केली, वर केली, पेन काढलं. टक टक. धाकटीने समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता विचारलं की साहेब, तुमच्या घरी मोटरसायकल आहे का. साहेब चक्रावले. आहे म्हणाले, मुलाची. मग मुलाची गोष्ट निघाली, तो कसा सुसाट जातो, आईला कसा घोर लागतो. साहेब पेन वाजवत बोलत राहिले आणि गाडी चालत राहिली. पुलाखालून गेली. एकही ब्रेक नाही.

बाजाराच्या वळणावर ती डावीकडे वळत होती. वेग बैलगाडीचा. साहेब मुलाबद्दल काही सांगत होते, पेन चालू होतं. आणि धाकटीने कचकन ब्रेक मारला. पेन उडून काचेवर गेलं.

“का थांबलात, बाई?”

“बाहेरून थाप आली.”

“मला नाही ऐकू आली.”

“तुम्ही पेन वाजवत होतात, साहेब.”

साहेबांनी डाव्या आरशात पाहिलं. मग दार उघडून खाली उतरले. मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर एका भाजीवाल्याची हातगाडी कठड्याला चेपून अडकली होती आणि तो माणूस तळहात पत्र्यावर टेकवून उभा होता. आणखी हातभर गाडी पुढे जाती तर हातगाडीचं चाक गेलं असतं आणि चाकामागे त्याचा गुडघा. साहेब खालून हातवारे करायला लागले, उजवीकडे घ्या, पुढे घ्या. धाकटीने दोन्ही आरसे पाहिले, मागचा रस्ता रिकामा व्हायची वाट पाहिली आणि गाडी तीन हात मागे घेतली. हातगाडी सुटली. मान बाहेर काढली नाही. हे तर तिचं अकरा वर्षांचं काम.

परतीच्या रस्त्यावर साहेबांनी पेन खिशात ठेवलं. आणि ते तिने सांगितलं म्हणून नव्हे, हे मी मुद्दाम लिहिते. कागदावर त्यांनी लिहिलं ‘पास’, आणि शेऱ्याच्या रकान्यात: ‘कान तयार आहे.’ मास्तरणीने तो शेरा तीनदा वाचला आणि त्यात एकही चूक सापडली नाही म्हणून थोडी हिरमुसली.

दीड महिन्याचं ट्रेनिंग झालं. पहिल्या ड्यूटीच्या दिवशी सकाळच्या फेऱ्या मारून धाकटी साडेबाराला डेपोत आली, अंगावर ड्रायव्हरचा खाकी शर्ट. नवऱ्याने तो खांद्यात घेऊन, बाह्या कापून असा बसवला होता की डेपोतल्या पुरुषांचे शर्ट त्याच्यापुढे पोती वाटावीत. ड्रायव्हरने गाडी यार्डात सोडून जायची असते. ती गेली नाही. तिने स्वतः गाडी उलटी रॅम्पवर आणली, भिंतीपासून दीड हातावर. वस्तादांनी पेपर खाली घेऊन पाहिलं आणि परत वर केला.

तिघींनी गाडी धुतली. रेडिओने आतून ओरडून विचारलं की ही प्रवाशांना घेऊन गेली होती की शेंगा खाणाऱ्या माकडांना, सीटखाली टरफलांचा ढीग आहे. मास्तरीण म्हणाली पुढच्या काचेवर एवढे किडे, म्हणजे बाई जोरात चालवते. मावशीने नेहमीसारखं चाकांपासून सुरुवात करून छतापर्यंत पाणी मारलं.

गाडी स्वच्छ झाली. पाणी थांबलं. धाकटी वर बसली, इंजिन चालू केलं, गिअर टाकला आणि थांबली. मागून थाप यायची वाट बघत. उभ्या गाडीला थाप म्हणजे निघ.

थाप येईना.

तिने डावा आरसा पाहिला, उजवा पाहिला. दोन्ही रिकामे. मग समोर पाहिलं तर तिघी रॅम्पच्या पुढे, बाजूला, ओल्या फरशीवर रांगेत उभ्या. मावशीच्या हातात पाइप, मास्तरणीच्या हातात ब्रश, रेडिओच्या हातात झाडू. कोणी हात हलवत नव्हतं.

धाकटीने खिडकीतून मान बाहेर काढली. तिला मान बाहेर काढताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

“मावशी, मार ना थाप.”

“थांबायची थाप मारू,” मावशी म्हणाली. “ती कोणीही मारली तरी तू थांबायचंस. निघायची आता नाही मिळणार. तिघी दिसतोय ना तुला?”

“दिसताय.”

“मग अजून काय पाहिजे.”

धाकटीने मान आत घेतली. लवंग दाढेखाली सरकवली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाहिलं आणि गाडी पुढे काढली. रेडिओच्या पायावर पाणी उडालं आणि तिने फाटकापर्यंत धाकटीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दीड वाजला होता. पंप बंद झाला. फळीवर आज चौथी जागा रिकामी होती, तिथे मी बसले, आणि रेडिओने मला जरा सरकून बसायला सांगितलं. संध्याकाळी ड्यूटी संपली की ती येणार होती, डबा तिचा राहिला होता.